कायोटीची नजर आणि मोत्याचे डोळे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हाची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी बसमधून उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. घराच्या अंगणात आमचा मोत्या बसलेला दिसला. मी त्याच्यापासून साठ-एक पावलांवर होतो. मुद्दाम गंमत करावी म्हणून मी गोठ्याच्या भिंतीला टेकून, हूं की चूं न करता, तसाच उभा राहिलो. मोत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि तो चक्क भुंकू लागला! ज्याच्या हातची भाकरी खाऊन तो मोठा झाला त्याच्यावरच भुंकतो म्हणजे काय? मी हात हलवला, दोन पावले पुढे टाकली, तशी त्याची शेपटी अडखळत हलू लागली. आणि मी जवळ येऊन हाक मारली तेव्हा तो अंगावरच आला.

आजी म्हणाली, "अरे, त्याला आता दिसत नाही रे. म्हातारा झाला तो."

त्यावर काका म्हणाले, "दिसत नाही कसे? परवा रात्री काळोखात परड्यात कोल्हा आला होता. आम्हा कोणाला काही दिसले नाही. ह्यानेच तो पाहिला आणि हाकलला."

दोघांचेही म्हणणे मी विचारात घेतले, आणि दोघांचेही खरे वाटले. उजेडात उभा असलेला घरचा माणूस ज्याला ओळखू येत नाही, त्याला काळोखातला कोल्हा कसा दिसतो? सुट्टीनंतर कॉलेजात आल्यावर प्राणिशास्त्राच्या सरांना हा प्रश्न विचारला. सर हसले आणि म्हणाले, "कुत्र्याचा डोळा समजून घ्यायचा असेल तर त्याच्या रानातल्या भाऊबंदाचा डोळा पाहा. कायोटीबद्दल वाच." त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

कायोटी म्हणजे कोण?

हे नाव ऐकून आमच्या वर्गातल्या एका कन्नड मित्राने विचारले, "म्हणजे नरी का तोळ?" म्हणजे कोल्हा की लांडगा? खरे तर दोन्ही नव्हे. कायोटी हा उत्तर अमेरिकेचा प्राणी. अंगाने आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान; वजन साधारण दहा ते वीस किलो; निमुळते तोंड, मोठे उभे कान आणि पिवळसर डोळे. 'कायोटी' हे नाव मेक्सिकोतल्या नाव्हाट्ल भाषेतल्या 'कोयोट्ल' ह्या शब्दावरून आले. थॉमस से ह्या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याला 'कॅनिस लॅट्रान्स' असे शास्त्रीय नाव दिले. त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'.

कुत्रा आणि कायोटी ह्यांचे नाते जवळचे आहे. दोघांचीही गुणसूत्रे ७८. दोघांच्या संकरातून होणारी पिल्ले पुढे प्रजोत्पादनही करू शकतात. परंतु कुत्रा कायोटीपासून उत्पन्न झालेला नाही. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. माणसाच्या सोबतीला त्याला निदान पंधरा हजार वर्षे झाली. तेव्हा कायोटी हा कुत्र्याचा बाप नव्हे, तर चुलता म्हणावा असा. फरक इतकाच की हा चुलता कधी कोणाच्या दारी बांधला गेला नाही.

अमेरिकेत मेंढपाळांनी आणि सरकारने ह्या प्राण्याचा सापळे, बंदुका आणि विष वापरून अनेक वर्षे संहार केला. तरी तो संपला नाही. एकेकाळी पश्चिमेच्या माळरानांवर राहणारा हा प्राणी विसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि दक्षिणेत पनामापर्यंत पसरला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरच्या विषप्रयोगाला बंदी घातली. तेव्हा ज्याला मारता येत नाही त्याला निदान नीट समजून तरी घ्यावे, ह्या विचाराला जोर आला, आणि कायोटी कसा पाहतो, कसा ऐकतो, शिकार कशी हुडकतो ह्यावर त्या दशकात बरेच संशोधन झाले.

डोळ्याची रचना

कायोटीच्या परीक्षेकडे वळण्यापूर्वी डोळ्याची थोडी माहिती हवी. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो त्याला जालपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि बारकावाही फारसा कळत नाही. शंक्वाकार पेशींना भरपूर उजेड लागतो. रंग आणि बारकावा ह्यांच्यामुळे कळतो. माणसाच्या जालपटलाच्या मध्यभागी शंक्वाकार पेशींची अतिशय दाट गर्दी असलेला एक ठिपका आहे. आपण पुस्तकातले अक्षर वाचतो ते त्या ठिपक्याच्या जोरावर. कुत्र्याच्या कुळात दंडाकार पेशींची संख्या फार मोठी असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कुत्र्याच्याही जालपटलात शंक्वाकार पेशींचा एक अगदी लहानसा दाट पुंजका आढळला, हे खरे. पण एकंदर डोळा अंधाराच्या बाजूने झुकलेला आहे.

शिवाय जालपटलाच्या मागे ह्या प्राण्यांना आरशासारखा एक चकाकणारा थर असतो. त्याला टॅपेटम म्हणतात. जालपटलातून न टिपता निसटलेला प्रकाश ह्या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपण्याची दुसरी संधी मिळते. रात्री मोटारीच्या दिव्यात कुत्र्याचे डोळे हिरवेपिवळे चमकतात ते ह्याच आरशामुळे. कंजूष माणूस जसा खाली पडलेला दाणाही उचलून पुन्हा पोत्यात टाकतो तसा हा प्रकार! मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. परत फिरलेला प्रकाश थोडा पसरतो आणि त्यामुळे चित्र किंचित पुसट होते.

माझ्या घरच्या कोड्याचा अर्धा उलगडा इथेच होतो. डोळ्यांच्या तपासणीत ज्या नजरेला निर्दोष म्हणतात तिच्याशी तुलना करता कुत्र्याची नजर सुमारे २०/७५ इतकी भरते. म्हणजे आपल्याला जो बारकावा पंचाहत्तर फुटांवरून दिसतो तो पाहायला कुत्र्याला वीस फुटांपर्यंत जवळ यावे लागते. साठ पावले म्हणजे सुमारे दीडशे फूट धरले तर मोत्याला मी तितकाच स्पष्ट दिसत होतो जितका आपल्याला साडेपाचशे फुटांवरचा माणूस दिसतो. तेवढ्या अंतरावरून आपण तरी कोणाचा चेहरा ओळखू? मोत्याला भिंतीला टेकलेला कोणी एक मनुष्य दिसला आणि तो आपल्या कामाला जागला. त्यात त्याचा काय दोष?

कायोटीची परीक्षा

आता चुलत्याकडे वळू. हॉर्न आणि लेनर ह्या दोघा संशोधकांनी १९७५ साली कायोटीच्या अंधारातल्या नजरेवर एक निबंध प्रसिद्ध केला. उजेड कमी कमी करत गेल्यास कायोटीला कुठवर दिसते, हे त्यांनी त्याच्या वागण्यावरूनच ताडून पाहिले. त्यातून दिसून आले की कायोटीचा डोळा दुहेरी कामाचा आहे. त्यात दंडाकार पेशींचे प्राबल्य आहे, पण शंक्वाकार पेशीही आपले काम चोख करतात. घुबडासारखा तो केवळ रात्रीचा डोळा नव्हे, आणि आपल्यासारखा केवळ दिवसाचाही नव्हे. पहाट, भर दुपार, तिन्हीसांज, मध्यरात्र ह्या सगळ्या वेळी कामाला येईल असा तो आहे. कुत्र्याच्या डोळ्याचेही नेमके हेच वर्णन करता येते.

ह्या दुहेरी डोळ्याचा उपयोग कायोटीला किती होतो हे शिकागोसारख्या शहरात दिसून येते. तिथे २००० सालापासून कायोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांचा अभ्यास चालू आहे. माणसांच्या वस्तीत राहणारे कायोटी दिवसा दडून राहतात आणि आपला बहुतेक संचार रात्री करतात. माळावर दिवसाही हिंडणारा प्राणी शहरात निशाचर झाला, आणि त्यासाठी त्याला नवे डोळे लागले नाहीत.

ह्याहूनही मला आश्चर्य वाटले ते वेल्स आणि लेनर यांच्या १९७८ सालच्या प्रयोगाचे. कुत्र्याचे कुळ म्हटले की आपण नाकाचे नाव आधी घेतो. ह्या दोघांनी कायोटीला ससा शोधायला लावले आणि डोळा, कान, नाक ह्यांपैकी एकेकाचा उपयोग आळीपाळीने होणार नाही अशी व्यवस्था केली. कोणते इंद्रिय नसताना त्याला अधिक वेळ लागतो हे मोजले. जवळच्या अंतरावर ससा हुडकताना पहिला क्रमांक लागला डोळ्याचा, दुसरा कानाचा आणि नाक आले तिसरे! पुढे वेल्स यांनी हीच गोष्ट बाहेर मोकळ्या जागेत पाहिली, तेव्हा वारा आणि गवताचा आडोसा ह्यांनुसार हे महत्त्व कमीजास्त होते असे आढळले. वारा सुटला की नाकाचा भाव वधारतो. तसेच हिवाळ्यात बर्फाखाली उंदीर चालत असला तर डोळ्याचा काही उपयोग नाही. तेव्हा कायोटी मान तिरकी करून कानोसा घेतो आणि उंच उडी मारून नेमका त्या जागी पुढचे पाय रोवतो. शहाणा गवंडी जसे काम पाहून हत्यार उचलतो तसेच हे.

दोन रंगांचे जग

कुत्र्यांना सगळे काळेपांढरेच दिसते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १९८९ साली नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्ज ह्या तिघांनी तीन कुत्र्यांना शिकवून त्यांच्या रंगज्ञानाची परीक्षा घेतली. त्यात कुत्र्यांना दोन प्रकारच्या शंक्वाकार पेशी असल्याचे सिद्ध झाले. एक निळ्या-जांभळ्या प्रकाशाला आणि दुसरी पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देते. माणसाला असे तीन प्रकार असतात. म्हणून कुत्र्याला निळा आणि पिवळा हे वेगळे कळतात, पण तांबडा आणि हिरवा ह्यांत त्याची गल्लत होते. हिरव्या गवतात टाकलेला तांबडा चेंडू आपल्याला डोळ्यांत भरतो आणि कुत्रा मात्र तो नाकाने शोधत बसतो, त्याचे कारण हे. १९९३ साली खोकडाच्या तीन जातींचे डोळे तपासले गेले तेव्हा त्यांतही हीच दोन पेशींची व्यवस्था आढळली. म्हणजे रंगांची ही मर्यादा माणसाने कुत्र्यावर लादलेली नाही. ती घराण्यातूनच आलेली आहे.

आणि शिकाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. वाळल्या गवतातल्या करड्या सशाचा रंग कळून काय उपयोग? महत्त्वाची असते ती हालचाल. पोलीस खात्यातल्या चौदा कुत्र्यांची एकदा अशी परीक्षा झाली होती. त्यांतल्या सर्वांत तल्लख कुत्र्यांनी हलणारी वस्तू आठशे-नऊशे मीटरवरून ओळखली. पण तीच वस्तू स्थिर ठेवल्यावर त्यांना ती ५८५ मीटरच्या आत आल्यावाचून ओळखता आली नाही. धोक्याची चाहूल लागताच ससा जागच्या जागी थिजतो, त्यामागचे शहाणपण आता ध्यानात येईल. आणि मी हात हलवताच मोत्याची शेपटी का हलली, तेही. काळोखातला कोल्हा चालत होता. मी मात्र भिंतीसारखा उभा होतो.

मग फरक कुठे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, डोळा तोच, आरसा तोच, रंग तेच. मग कायोटीची नजर आणि कुत्र्याची नजर ह्यांत काही फरकच नाही काय? आहे. पण तो यंत्रात नाही, त्या यंत्राच्या निगराणीत आहे.

जालपटलाकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशींना गुच्छिका पेशी म्हणतात. जिथे त्या दाट असतात तिथे नजर तीक्ष्ण असते. लिओ पाइख्ल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९९२ साली लांडग्यांच्या आणि कुत्र्यांच्या जालपटलांची तुलना केली. लांडग्यांमध्ये ह्या पेशींचा एक ठळक आडवा पट्टा आढळला. माळावर उभे राहून क्षितिजावर एकदम नजर फिरवायला असा पट्टा फार सोयीचा. दाट जागी लांडग्यात दर चौरस मिलिमीटरला बारा ते चौदा हजार पेशी भरल्या. कुत्र्यांत मात्र हा आकडा साडेसहा हजारांच्या आसपासपासून चौदा हजारांच्या वरपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे काही कुत्रे लांडग्याच्या तोडीचे, तर काहींची दौलत निम्मीच. पुढे २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की ह्याचा संबंध तोंडाच्या लांबीशी आहे. लांब तोंडाच्या कुत्र्यांत आडवा पट्टा ठळक असतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत तो जवळजवळ नाहीसा होऊन पेशी मध्यभागी गोळा झालेल्या असतात. माणसाने शोभेसाठी कुत्र्याचे तोंड आखूड केले, आणि त्याला नकळत डोळ्यातले क्षितिजही पुसले गेले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९९२ सालीच अमेरिकेत कुत्र्यांच्या डोळ्यांचा नंबर तपासण्यात आला. दवाखान्यात आलेल्या जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांपैकी शेकडा ५३ कुत्र्यांना लांबचे नीट दिसत नव्हते. म्हणजे माणसांच्या भाषेत त्यांना चष्मा लागला असता. पण त्याच जातीच्या, आंधळ्या माणसांना वाट दाखवण्यासाठी तयार केलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण शेकडा १५ च होते. जात एकच, पण जिथे माणसाला कुत्र्याच्या नजरेची गरज होती तिथे त्याने नजर पारखून कुत्रे निवडले, आणि जिथे गरज नव्हती तिथे कोणी पाहिलेच नाही.

कायोटीच्या बाबतीत ही परीक्षा रोज होते. ज्याला दूरचा ससा पुसट दिसतो तो उपाशी राहतो, आणि उपाशी प्राण्याची पिल्ले जगत नाहीत. तिथे दुसरी संधी नाही. कुत्र्याला मात्र आंधळेपणातही भाकरी मिळते. म्हणून कायोटीची नजर एका ठराविक मापाची राहिली, आणि कुत्र्यांत गरुडाच्या बरोबरीची ऐट मिरवणाऱ्या ग्रेहाउंडपासून नाकासमोरची वाटी चाचपडणाऱ्यापर्यंत सर्व तऱ्हा झाल्या. काही जातींत जालपटल हळूहळू झिजून आंधळेपण येण्याचा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एका गोष्टीची नोंद येथे केलीच पाहिजे. ब्रियार्ड नावाच्या फ्रेंच जातीच्या कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे पिल्ले अंध होत. २००१ साली शास्त्रज्ञांनी तो जनुक दुरुस्त स्वरूपात डोळ्यात घालून अशा कुत्र्यांना दृष्टी परत मिळवून दिली. तोच उपचार त्याच जनुकाच्या दोषामुळे अंध होणाऱ्या मुलांसाठी २०१७ साली अमेरिकेत मान्य झाला. कुत्र्याच्या बिघडलेल्या डोळ्याने माणसाचे असे ऋण फेडले, वास्तविक ऋण माणसाकडेच असताना.

नजर कोणाकडे वळते?

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली माणसांनी लहानपणापासून वाढवलेले लांडगे आणि कुत्रे ह्यांना सुटू न शकणारे एक काम दिले. खाणे समोर, पण ते काढता येत नाही. लांडगे शेवटपर्यंत झटत राहिले. कुत्र्यांनी थोडा वेळ खटपट केली आणि मग मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले.

कुत्र्याच्या त्या करुण नजरेमागे भुवईजवळचा एक लहानसा स्नायू असतो. तो लांडग्यात नीट वाढलेला नसतो, म्हणून तो माणसाच्या सहवासातूनच आला, असे २०१९ साली मांडले गेले. पण २०२४ साली कायोटीच्या चेहऱ्याची तपासणी झाली, तेव्हा तो स्नायू त्याच्याकडेही चांगला विकसित झालेला आढळला! म्हणजे तशी नजर टाकण्याची शक्ती रानातल्या चुलत्याकडेही आहे. फक्त तशी टाकावी असे त्याला कोणी नाही.

पुन्हा मोत्याकडे

नाताळच्या सुट्टीत पुन्हा गावी गेलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात मोत्याचे डोळे पाहिले. बाहुलीत निळसर-पांढरी झाक आली आहे. वयामुळे डोळ्यातले भिंग घट्ट होत चालल्याची ती खूण. आजीचेही खरेच होते म्हणायचे. रानातला कायोटी ह्या वयाला, ह्या डोळ्यांनिशी, फार दिवस जगला नसता. मोत्या जगतो आहे, कारण त्याच्या नजरेतली उणीव आजी भरून काढते. त्याची पाण्याची परात ती जागची हलवू देत नाही, आणि अंगणात नवी वस्तू ठेवली तर त्याला जवळ नेऊन हुंगवून आणते. हे शास्त्र तिला कोणी शिकवले नाही.

मीही आता एक शिकलो आहे. बसमधून उतरलो की भिंतीला टेकून उभा राहत नाही. वाटेवरूनच हात हलवत येतो, आणि वारा माझ्याकडून घराकडे वाहत नसला तर मोठ्याने हाक मारतो. मोत्या आता माझ्यावर भुंकत नाही.